वजनकाट्यावरची भाकरी: आम्हा दोघांच्या लो-कार्ब आहाराच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

शाळेत नववीच्या मुलांकडून प्रयोगवही जशी लिहून घेते, तशीच ही घरची वही. विषय आम्ही दोघं आणि आमचं सोलापुरी ताट.

गेल्या आठवड्यात दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आले. यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.४. उपाशीपोटी १४१. वजन ८१ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. माझी एचबीएवनसी ५.९, उपाशीपोटी १०४, वजन ६६, कंबर ८८. मधुमेहाची रेघ ६.५ ला असते आणि ५.७ ते ६.४ हा त्याच्या अलीकडचा पट्टा. हे रेघ ओलांडून गेलेत, मी त्या पट्ट्यात आहे. कमरेच्या बाबतीत आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. ती आम्ही दोघांनीही ओलांडली आहे.

कर्बोदकं कमी करून बघायची, असं ठरवून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा गोळ्यांची पाकिटं बघितली. यांना मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड एक वेळा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. ताटातली भाकरी कमी झाली आणि ही गोळी तशीच चालू राहिली, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. म्हणून आहार बदलेल त्या दिवसापासून ती बंद, मेटफॉर्मिन चालू, आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी ग्लुकोमीटरवर मोजणी. क्रिएटिनिनही तपासून घेतलं, मूत्रपिंड ठीक आहे. ही भेट न घेता कुणीही सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती पहिल्याच पानावर लिहिते.

मर्यादा ठरली: दोघांनाही दिवसाला कर्बोदकं १३० ग्रॅमच्या आत. कीटो नावाच्या आणखी कडक आहारात २० ते ५० ग्रॅमवर राहावं लागतं, ते आम्ही घेत नाही. ज्वारीच्या एकाच भाकरीत तेवढं संपतं, आणि भाकरी पूर्ण सोडून सोलापुरात वर्ष काढणं आमच्यानं होणार नाही.

७ जानेवारी

आज आणि उद्या जे खातो तेच खायचं, फक्त तोलायचं. मोजमापासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते घेतले. १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅम कर्बोदकं, १० ग्रॅम तंतू आणि १० ग्रॅम प्रथिनं. तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं, तंतू तीनसुद्धा नाहीत.

आमच्या भाकरीला किती पीठ लागतं हे मी इतक्या वर्षांत कधी तोललं नव्हतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नेहमीसारखी मूठ भरून परातीत टाकली ती काट्यावर ठेवली: ६५ ग्रॅम. म्हणजे एका भाकरीत ४४ ग्रॅम कर्बोदकं. हे दुपारी दोन आणि रात्री दोन खातात. वर दोन्ही वेळा भात, सकाळी पोहे, तीन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर खारी. सगळी बेरीज ४०० च्या जवळ गेली. माझी २६० च्या आसपास.

यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "मी गोड तर खातच नाही." खरंच खात नाहीत. आमच्याकडे मधुमेह म्हटलं की पेढा आणि जिलेबी सोडतात, आणि भाकरी-भाताच्या ढिगाकडे कुणी बघत नाही. पोटात गेल्यावर त्या ढिगाचं शेवटी ग्लुकोजच होतं.

८ जानेवारी

जुन्या ताटावरची शेवटची मोजणी. दुपारी दोन भाकरी, बटाट्याची भाजी, वरण-भात. जेवणाआधी यांची १३८, दोन तासांनी २३१. माझी एक भाकरी आणि भात: १०२ वरून १६१. यांची आज ग्लिमेपिराइड चालू होती, उद्यापासून नसेल. त्यामुळे पुढच्या आकड्यांशी ही तुलना शुद्ध नाही, हे लक्षात ठेवायचं.

९ जानेवारी

घरात तीन माणसं. आईंचं वय ७८, वजन ४४. त्यांना काहीही कमी करायचं नाही, त्यांचा मऊ भात आणि दूध-भाकरी आहे तशी राहील. म्हणजे स्वयंपाक एकच हवा, नाहीतर मी शाळेला वेळेवर पोचणार नाही. मग असं ठरवलं: भाजी, उसळ, आमटी, ताक, चटणी सगळ्यांना एक. वेगळं राहील ते फक्त भाकरीचं आणि भाताचं माप.

नवीन सामान काही आणलं नाही. बदामाचं पीठ, कीटोचा ब्रेड, पाकिटातल्या पावडरी यातलं काहीच नको. लक्ष्मी मार्केटमधून करडईची भाजी, शेपू, आंबट चुका, मेथी, वांगी, घेवडा, काकडी, मुळा. किराण्यातून मटकी, हुलगे, सोयाबीन, शेंगदाणे. अंडी आम्ही दोघं खातो, आईंना चालत नाहीत, त्यामुळे अंड्याचा तवा आणि उलथनं आधीपासून वेगळं आहेच.

१३ जानेवारी, भोगी

सुरुवातीलाच सण आला. ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा, आज संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. नंदीध्वज बघायला हे पहाटेच बाराबंदी घालून गेले. वडिलांच्या वेळेपासूनचा नेम आहे.

भोगीचं जेवण मात्र आमच्या योजनेला सोयीचं निघालं. हरभरा, पावटा, वांगी, गाजर, घेवडा, वाटलेले तीळ-शेंगदाणे घालून केलेली भोगीची भाजी हाच ताटाचा मोठा भाग. तीळ लावलेली बाजरीची भाकरी मी एक, यांना एक. खिचडी फक्त आईंना. सण म्हणून कुणालाही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

उद्या शेंगापोळी आहे. प्रत्येकी एक, भाकरीच्या ऐवजी, भाकरीवर नाही. हा नियम मी वर्षभराच्या सणांसाठी लिहून ठेवते: गोड खायचं तर ते त्या जेवणातल्या भाकरीच्या जागेवर.

१६ जानेवारी

यांचं डोकं जड, आणि रात्री पोटरीत गोळे. मला थकवा, शिवाय पोट साफ नाही.

कारण माहीत आहे. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला की ते पाणी जातं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. यांना रक्तदाबाचा त्रास नाही, म्हणून डॉक्टरांना फोनवर विचारून दोन वेळा पातळ ताक, त्यात मीठ आणि जिऱ्याची पूड असं सुरू केलं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने असं स्वतःच्या मनाने करू नये. त्यांचा रक्तदाब या आहाराने खाली येऊ शकतो आणि गोळीचाच हिशोब बदलावा लागतो.

पोटासाठी शेपू आणि मुळ्याचा पाला वाढवला.

१९ जानेवारी, रविवार

आज खरा प्रयोग. दोघांना एकाच वेळी, एकाच मापाचं ताट: एक भाकरी ६५ ग्रॅम पिठाची, एक वाटी मटकीची उसळ, करडईची भाजी, दही, शेंगाचटणी. नेहमीसारखं सगळं एकत्र, घासाघासाला.

यांची आधी १२६, दोन तासांनी १७१. माझी ९६ वरून १४१.

वाढ दोघांचीही ४५. पण यांची सुरुवातच वर होती, म्हणून ते वर जाऊन थांबले. यंत्राच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक धरायचा असतो, हेही ध्यानात आहे. तरी २३१ आणि १७१ मधला फरक यंत्राचा नाही. तो मुख्यतः भात, बटाटा आणि एक भाकरी यांचा आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून येऊन तेच ताट, तोच तोल. फक्त क्रम बदलला. आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-दही, सगळ्यात शेवटी भाकरी चटणीशी. जेवून दोघं कंबर तलावाच्या बाजूला पंधरा मिनिटं चालून आलो.

यांची १२४ वरून १४९. माझी ९७ वरून १२२.

हे मी वर्गात सांगणार आहे. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पोट सावकाश रिकामं होतं आणि स्टार्च रक्तात हळूहळू उतरतो. यावर परदेशात मधुमेहींवर अभ्यास झालेत, पण आपल्याच बोटातल्या थेंबावर दिसलं की पटतं. क्रमाचा किती आणि चालण्याचा किती हे आज वेगळं करता येत नाही. पुढच्या रविवारी फक्त क्रम, त्याच्या पुढच्या रविवारी फक्त चालणं.

यांना मात्र भाकरी शेवटी खाणं आवडलं नाही. "कोरड्यास आधी संपवून भाकरी कशाशी खायची?" म्हणाले. बरोबर आहे. आपल्याकडे कालवण हे भाकरीसाठी असतं. म्हणून थोडी उसळ मागे ठेवायची, असं ठरलं.

२९ जानेवारी

वजन: यांचं ७७.९, माझं ६४.६. यातलं बरंचसं पाणी आहे हे मी यांना स्पष्ट सांगितलं, म्हणजे पुढे उतार मंदावला की हिरमोड होणार नाही. उपाशीपोटी साखर मात्र ११९ ते १२६ मध्ये फिरते आहे, आणि ती ग्लिमेपिराइडशिवाय. मला वजनापेक्षा याचा आनंद जास्त आहे.

४ फेब्रुवारी

डब्याची नोंद. यांचा डबा आता तीन कप्प्यांचा: एकात भाजी, एकात उसळ किंवा झुणका, तिसऱ्यात दोन अंडी उकडून किंवा पनीर परतून. भाकरी कागदात. झुणक्याचं बेसनही मोजावं लागतं, कारण त्यात प्रथिनं चांगली असली तरी निम्म्याच्या आसपास कर्बोदकंच असतात. पिठलं-भाकरी-भात हे ताट म्हणजे तिन्हीकडून स्टार्च.

टॉवेलच्या कारखान्यात यांच्या खात्यातले काहीजण डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्या पद्धतीने दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवतात. त्यांचा आग्रह होता की हेच करा, मोजायची कटकट नाही. काहींना त्याचा फायदा झालेला मी बघितला आहे, आणि वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन सुटतं हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण दोनदा जेवताना ताटात काय आहे हा प्रश्न आमच्यापुरता तसाच उरतो. दोन वेळा म्हणून तीन-तीन भाकरी खाल्ल्या तर यांचा आकडा काय येईल ते ८ जानेवारीच्या पानावरून ओळखता येतं.

आणखी एक. यांच्या एका सहकाऱ्याने आमचा तक्ता मागितला. ते डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेतात. मी तक्ता दिला नाही, आधी डॉक्टरांना भेटा म्हणून सांगितलं. त्या प्रकारच्या गोळीवर असताना कर्बोदकं खूप कमी केली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नेहमीसारखी दिसू शकते. म्हणजे घरच्या मोजणीवर ते कळतही नाही. आहाराचा तक्ता मोबाइलवर पुढे पाठवणं सोपं आहे, पण त्याच्यासोबत समोरच्याच्या गोळ्यांची यादी जात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मंगळवेढ्याकडे माझ्या मावसभावाच्या शेतात हुरडा. तिथल्या काळ्या जमिनीतली ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुरडा पीठासारखा तोलता येत नाही, म्हणून आज तोललं नाही. दोन मुठी गरम हुरडा, शेंगाचटणी आणि दही, आणि दिवसभरात दुसरं धान्य नाही. गूळ, रेवड्या बाजूला ठेवल्या.

मावसभाऊ म्हणाला, "ज्वारीनं कुणाला कधी साखर झाली का?" त्याला मी मान देऊन उत्तर दिलं. त्याच्या आजोबांनी चार भाकरी खाल्ल्या त्या मोटेवर आणि नांगरामागे खाल्ल्या. आम्ही खुर्चीत बसून खातो. ज्वारी तीच आहे, दिवसभराचं काम ते उरलेलं नाही. शिवाय त्या काळी भाताचा ढीग वर नव्हता, भात सणालाच शिजायचा.

१७ फेब्रुवारी

माझं वजन ६४ वर थांबलं आहे. यांचं उतरतंच आहे, ७६.८. जेवण दोघांचं सारखंच.

आज बसून विचार केला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रयोगातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. "दोघांनी मिळून" म्हणजे दोघांनी एकाच मापाने, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण यांची उंची १६८, माझी १५६. यांच्या अंगावर स्नायू जास्त, म्हणून बसल्या जागीही खर्च जास्त. हे ४०० वरून १३० वर आले, मी २६० वरून १३० वर. यांच्या ताटातून जेवढं गेलं तेवढं माझ्या ताटात कधी नव्हतंच. शिवाय मी ४८ वर्षांची आहे, पाळी अनियमित झाली आहे, आणि या वयात चरबी पोटावर बसायला लागते. सारखा नियम दोघांना सारखा पडत नाही. माझं वजन यांच्या वजनाशी तोलत राहिले तर मी महिन्याभरात सोडून देईन.

म्हणून बदल. यांची मर्यादा १२० ते १३० राहील. माझी १०० च्या आसपास, शेंगदाणे आणि चटणी मिळून ३० ग्रॅम तोलून, कारण शेंगदाण्यात कर्बोदकं कमी असली तरी जवळजवळ ४० टक्के तेल आहे आणि एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी असतात. प्रथिनं मात्र मी कमी करणार नाही. दिवसाला ६० ग्रॅम गाठायचीच. आणि एकमेकांचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी लिहायचे नाहीत. याच वहीत डाव्या पानावर हे, उजव्या पानावर मी.

यांनी ऐकून घेतलं आणि दुसरं काही न बोलता सकाळच्या वजनाचा काटा बेडरूममधून उचलून बाथरूमजवळ ठेवला. "तू तुझं बघ, मी माझं बघतो," म्हणाले. मला बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

आईंनी आपणहून मार्ग काढला. आमची लेक लहान असताना तिच्यासाठी चानक्या, म्हणजे छोट्या भाकऱ्या, थापायच्या, तशा त्यांनी आमच्यासाठी थापल्या. ४० ग्रॅम पिठाची चानकी, २७ ग्रॅम कर्बोदकं. यांना दोन्ही वेळा दीड-दीड, मला एक-एक. अर्धी भाकरी मोडून ठेवली की ताट अपुरं दिसतं, अख्खी चानकी असली की जेवण पूर्ण वाटतं. त्यांच्या हाताला माप बसलं आहे, काट्यावर ३८ ते ४२ च्या बाहेर जात नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कर्बोदकं सगळ्यात जास्त ज्या दिवशी पोटात जायची तो दिवस आमच्याकडे उपवासाचा असायचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च: १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात बटाटा, वर रताळ्याच्या गोड चकत्या, केळी, खजूर.

उपवास मोडायचा नाही, मी तो श्रद्धेने करते. आज आम्ही दोघांनी शेंगदाण्याची आमटी, पाव वाटी भगर, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, दही, ताक आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा इतकं घेतलं. आईंना खिचडी केली. संध्याकाळी सिद्धेश्वराला जाऊन तळ्याला फेरी घातली. यांची रात्रीची साखर १२८. गेल्या वर्षी याच दिवशी दुपारी खिचडी खाऊन हे गाढ झोपले होते आणि उठल्यावर डोकं दुखत होतं. आज तसं काही नाही.

उपवासाच्या पदार्थांत शेंगदाणे, दही, काकडी, खोबरं आधीपासून आहेतच. साबुदाण्यालाच पहिलं पान वाढायला हवं असं कुठे आहे?

५ मार्च

वेळेचा हिशोब. भाकऱ्या कमी झाल्या, पण चिरण्या-निवडण्याचं काम वाढलं. मेथी, शेपू, करडई निवडायला रोज पाऊण तास जातो. मटकी भिजवा, उपसा, बांधा, मोड आणा. हुलगे तर आदल्या सकाळीच आठवावे लागतात. हा सगळा भार बाईवर पडला तर कुठलाही आहार टिकणार नाही, आणि टिकलाच तर ते बरोबर नाही.

आता वाटणी अशी: भाजी आणणं, निवडणं, धुणं आणि रात्री कडधान्य भिजवणं यांच्याकडे. फोडणी, आमटी माझ्याकडे. चानक्या आईंकडे, त्यांचे गुडघे दुखतील त्या दिवशी माझ्याकडे. हे रात्री बातम्या लावून मेथी निवडतात. चटणीसाठी शेंगा भाजून, साल काढून, लसूण-तिखट घालून उखळात कुटायचं कामही त्यांनी घेतलं. मिक्सरमध्ये ती चव येत नाही, कारण कुटताना दाण्याचं तेल सुटून तिखटात मुरतं.

खर्चही बघितला. पनीर आणि बदाम महाग पडतात. अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, हुलगे, मटकी, घरचं दही यांतून प्रथिनं मिळवली तर किराण्याचं बिल आधीच्या जवळपासच राहतं. खारी, बिस्किटं, फरसाण बंद झाल्याने वाचलं ते भाजीत गेलं.

१३ मार्च, होळी

पुरणपोळी प्रत्येकी एक, तूप घालून. डाळ, गूळ, कणीक धरून एका पोळीत ५० ग्रॅम कर्बोदकं होतात. दिवसभरात दुसरं धान्य नाही. कटाची आमटी, वांग्याची भाजी, कोशिंबीर. यांची दोन तासांनी १६४. चाललं.

२४ मार्च

ऊन चाळीसच्या घरात. जेवणानंतरचं चालणं दुपारी शक्य नाही, रात्रीचं ठेवलं. करडई, शेपू संपत आले. आता गवार, दोडका, भेंडी, पडवळ, घोळ, तांदुळजा. उसाच्या रसाबद्दल यांनी विचारलं. उसाचा रस अजिबात नाही. ताक आणि लिंबू-मीठ-पाणी हवं तेवढं.

३० मार्च, पाडवा

कडुनिंबाची चटणी. श्रीखंड दोन-दोन चमचे, पुरी नाही. लेक पुण्याहून आली आहे, ती यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, शर्ट ढगळ होतोय." यांनी दुपारी शिंप्याकडे दोन शर्ट नेऊन दिले.

७ एप्रिल

रिपोर्ट आले. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मोजतात, म्हणून तीन महिने होण्याआधी ही तपासणी करण्यात अर्थ नव्हता.

हे: एचबीएवनसी ६.५, उपाशीपोटी ११४, वजन ७५.४, कंबर ९२. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० वरून १४२. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०८ वरून ११२, जवळपास तेवढंच.

मी: ५.७, उपाशीपोटी ९५, वजन ६३.१, कंबर ८४. हिमोग्लोबिन ११.१. डॉक्टरांनी सांगितलं की लोह कमी असेल तर एचबीएवनसी थोडी वाढीव दिसू शकते, तेव्हा आधी लोहाची गोळी, मग पुढच्या आकड्यावर बोलू.

एलडीएल मी मुद्दाम लिहिलं. लो-कार्बमध्ये काहींचं ते बरंच चढतं, म्हणून तूप-लोणी-खोबरं मोकळ्या हाताने वाढवायचं नाही. आमच्या ताटात चरबी मुख्यतः शेंगदाण्याची आणि करडईच्या तेलाची आहे, ती तशीच राहील.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारसूचनांत धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये असं सांगितलं आहे. यांच्या १३० ग्रॅममधून १६०० कॅलरींच्या जेवणात ३२ टक्के ऊर्जा येते, आणि त्यात धान्याखेरीज उसळ, दही, भाजीतली कर्बोदकंही आली. जुन्या ताटात निव्वळ भाकरी-भाताचाच वाटा निम्म्याच्या वर जात होता. म्हणजे आमचं ताट सरकारी सूचनेपेक्षा थोडं पुढे गेलं आहे, पण दिशा तीच आहे.

१२ एप्रिल

मेटफॉर्मिनही बंद करता येईल का, असं यांनी डॉक्टरांना विचारलं. उत्तर नाही असं आलं. ६.५ हा गोळीसकटचा आकडा आहे. आणखी तीन महिन्यांनी तो साडेसहाच्या खाली आला तर डोस अर्धा करून बघू, म्हणाले. हे थोडे खट्टू झाले. मला डॉक्टरांचं पटलं. औषध सोडणं हे ध्येय ठेवलं की आकडा जरा चढला तरी माणूस लपवायला लागतो. डोळे, पायांच्या नसा, मूत्रपिंडं जपणं हे ध्येय, त्यासाठी एक स्वस्त गोळी राहिली तरी चालेल.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आमरस. बिनसाखरेचा, १०० ग्रॅम रसात १५-१६ ग्रॅम कर्बोदकं. पाऊण वाटी यांना, पाऊण मला, पोळी नाही, रस जेवणाच्या शेवटी. आधी गवारीची भाजी, मटकी, कैरी-कांद्याची चटणी. दोन तासांनी यांची १४६, माझी ११९.

मे महिन्यात दोन लग्नं आहेत, एक अक्कलकोटला, एक बार्शीला. पंगतीत मठ्ठा, कोशिंबीर, भाजी आधी वाढून घ्यायची आणि जिलेबी किंवा मसालेभात यातलं एकच. घरून एका डबीत शेंगाचटणी आणि चार उकडलेली अंडी. पुढची तपासणी ७ जुलैला, माझं हिमोग्लोबिन त्याआधी जूनच्या पहिल्या आठवड्यात.